पुढच्या चाकांचे पॅड

मंडळी, आजचा विषय जरा काळ्या हातांचा आहे. मराठीचा मास्तर निवृत्तीनंतर चाकापाशी बसून काय करतोय, असं काहीजण म्हणतील. म्हणोत बापडे. ब्रेक पॅड ही वस्तू मुळात झिजण्यासाठीच केलेली असते, आणि झिजणाऱ्या वस्तूकडे कुणीतरी अधूनमधून बघायला हवं. ते 'कुणीतरी' आपण का असू नये?

आम्ही वाईकर. महिन्यातून एकदा पसरणीचा घाट चढून भिलारला जातो. 2017 साली भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हापासूनचा हा नेम. चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची. पाचगणीहून वाईला येताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली उतरते. गणित शिकवणाऱ्या मित्राने कागदावर हिशेब मांडून दिला : आम्हा दोघांसकट गाडीचं वजन हजार किलो धरलं, तर या उताराची सगळी ऊर्जा पंधरा लिटर पाणी उकळायला पुरेल. इंजिन आणि वारा त्यातला वाटा उचलतात, पण गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तरच. नाहीतर सगळा भार तळहातात मावतील अशा पॅडवर. सुट्टीच्या दिवशी घाटात तो जळका वास येतो ना, तो त्याचाच.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे पॅड लवकर झिजतात. ते सांगतातही. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. त्याआधीची खूण म्हणजे बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जातं. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि मागची जागा तेल भरून काढतं. (गळती असली तरी ते खाली जातं, तेव्हा नुसतं वरून तेल ओतून मोकळं होऊ नये.)

आमची वॅगनआर 2011ची. मसाला जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. "सर, ठेवून जा गाडी, संध्याकाळी देतो," म्हणाला. मी म्हटलं, "तू एकदा करून दाखवलंयस, आता मी करतो, काही सूचना?" त्याने एकच सांगितली. "एका वेळी एकच चाक उघडा सर. अडलात तर दुसरं बघायला जाग्यावर असू द्या." चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकी नेमकी सूचना मी क्वचितच दिली असेल.

सपाट फरशी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगडाची उटी. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक. नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, खाली लोखंडी घोडी हवीच. चाक काढलं, कॅलिपरचे दोन बोल्ट सोडले आणि कॅलिपर तारेने वर टांगून ठेवला. तो रबरी नळीवर लोंबकळता कामा नये. आतली काळी भुकटी फुंकायची नाही. ओल्या फडक्याने टिपायची. डिस्कवर नख फिरवून पाहिलं, खोल चरे नव्हते.

खरी गंमत पिस्टन मागे ढकलण्यात आहे. नवे पॅड जाड, त्यांना जागा हवी. जुना पॅड मध्ये धरून सुताराच्या क्लॅम्पने अगदी सावकाश आवळत गेलो. तेव्हा डबीतलं तेल वर चढतं, म्हणून थोडं आधीच सिरिंजने काढून घेतलं होतं. हे तेल रंगावर सांडलं तर रंग जातो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं, पॅडच्या तोंडाला मात्र बोटसुद्धा नाही. डाव्या चाकाला दीड तास लागला, उजव्याला पाऊण.

मुलगी फोनवर चिडली. "बाबा, चार पैसे वाचवायला या वयात गाडी उचलताय?" पैशाचं तिला काय सांगणार! पण तिची भीती खोटी नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुठीतली ताकद चाळिशीची राहत नाही. म्हणून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. गाडीखाली शिरायचं नाही, पाटावर बसून जेवढं होतं तेवढंच. तेलाची नळी उघडायची नाही. ते काम आणि मागचे ड्रम गॅरेजचे. घरात दुसरं माणूस असल्याशिवाय जॅक लावायचा नाही. आणि ज्या दिवशी चाकाचा नट हाताने सुटणार नाही, पान्यावर उभं राहावं लागेल, त्या दिवशी पाना विद्यार्थ्याच्या हाती. तिला हे सगळं वाचून दाखवलं. "लिहून पाठवा," म्हणाली. पाठवलं.

शेवटची गोष्ट विसरू नका. काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहायचं, मग डबीतली पातळी बघायची. मी दाबत होतो तेव्हा सौ. पान्याने नट तपासत होत्या. "घाटात शेजारी मी बसणार आहे," म्हणाल्या, "चार इकडचे, चार तिकडचे, मीच मोजणार."

मग दोघं मेणवलीपर्यंत जाऊन आलो. मोकळा रस्ता बघून चाळीसच्या वेगावरून हलकेच दहावर, पुन्हा चाळीस, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थांबून. नव्या पॅडचं आणि जुन्या डिस्कचं सूत जुळायला एवढं लागतंच. पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारायचा नाही, आणि घाट पुढच्या आठवड्यावर.