बैल नसलेल्या घरचा पोळा

विदर्भाबाहेरच्या वाचकांना तान्हा पोळा म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगावे लागते. श्रावण अमावास्येला महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत बैलांचा पोळा होतो. वर्षभर राबणाऱ्या जनावरांच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवत नाहीत. त्यांना नदीवर नेऊन धुतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. विदर्भात मात्र सण तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा पोळा भरतो. खऱ्या बैलांच्या जागी चाकांवर उभे असलेले लाकडी बैल येतात. त्यांना इकडे नंदी म्हणतात. आदल्या दिवशी थोरांचे बैल जसे तोरणाखाली उभे राहिले, तसेच दुसऱ्या दिवशी मुलांचे नंदी उभे राहतात. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. चंद्रपूरकडच्या गावांत आणि शहराच्या मोहल्ल्यांतही तो तितक्याच आवडीने भरतो.

आम्ही चार भावंडे या सणात जन्माने आलो नव्हतो. आमचे मूळ गाव त्या वेळच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोरडवाहू पट्ट्यातले. तेथे आम्ही पोळ्याला मातीचे बैल पाहिले होते. कुंभाराकडून आणलेली ती इवलीशी जोडी घरोघरी पाटावर मांडली जाई आणि सण झाला की पुन्हा मातीत मिसळे. शिवाय आमच्या गोठ्यात खरी जोडी होती, त्यामुळे खेळण्यातल्या बैलाचे आम्हांस फारसे अप्रूप नव्हते.

१९७२च्या दुष्काळाने हे सारे बदलले. विहिरी आटल्या, कडबा मिळेनासा झाला. आईवडील खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागले आणि आम्ही मुले वाटपाच्या सुकडीची वाट पाहू लागलो. माणसांनी कसेबसे दिवस काढले, परंतु जनावरांना काय घालावे? एके दिवशी वडिलांनी जोडी बाजारात नेली. संध्याकाळी ते रिकामा कासरा खांद्यावर टाकून परतले. त्या रात्री आमच्या घरी कोणी फारसे बोलले नाही. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच सुमारास एका नातलगाच्या ओळखीने वडिलांना चंद्रपूरजवळच्या खाणीत काम मिळाले. शहराचे नाव १९६४ मध्येच चंद्रपूर झाले होते, पण लोकांच्या तोंडी ते अजून चांदाच होते.

खाणीच्या वसाहतीत देशोदेशीचे कामगार राहत असत. तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि वऱ्हाडी बोली एकाच नळावर ऐकू येत. बहुतेकांचे शेत मागे कोठेतरी राहिलेले असे, आणि बैल कोणाकडेच नव्हते. तरीही पोळा जवळ आला की वसाहतीतील मुलांची धांदल उडे. माळ्यावरचे नंदी खाली येत, त्यांच्या चाकांना तेल मिळे, शिंगांना नवी बेगड चढे. आमच्याकडे नंदी नव्हता. तो पहिला तान्हा पोळा आम्ही कुंपणाजवळ उभे राहून पाहिला.

वडिलांनी तो पाहिला होता की नाही, हे आम्हांस त्या वेळी कळले नाही. परंतु १९७४च्या पावसाळ्यात ते आम्हांला घेऊन एका सुताराकडे गेले. सुतार वयस्क होते. वडिलांनी संकोचत विचारले की आम्ही परगावचे, घरी ना शेत ना बैल, तर मुलांसाठी नंदी केला तर चालेल ना? सुतारबुवा हसून म्हणाले, “घरी बैल नसन तं नसन, भाऊ, पोरायचा पोळा कोनं अडवला?” त्यांनी कोपऱ्यातला सागाचा एक ठोकळा उचलला आणि वाकसाने तासायला घेतला.

हा साग त्या मुलुखाचे वैभव होय. आलापल्लीच्या जंगलातील जुनी, उत्तुंग सागाची झाडे प्रसिद्धच आहेत. तेथील ‘वनवैभव’ या जुन्या वनखंडाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले तेही बल्लारपूरहून. या लाकडात मुळातच तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. मोठमोठ्या घरांच्या तुळया आणि दारे ज्या लाकडाची झाली, त्याच लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून कामगारांच्या मुलांचे नंदी झाले.

आमचा नंदी हातभर उंच होता. धड एका ठोकळ्याचे, शिंगे वेगळी करून बसवलेली, वशिंड चांगले भरलेले, आणि गळ्याखालची पोळी पटाशीने अशी कोरलेली की ती हलते आहे असे वाटावे. चार चाके लोखंडी सळीवर फिरत आणि फिरताना कुरकुरत. वडिलांनी बारा रुपये मोजले. घरी आल्यावर धाकटीने त्याचे नाव हिरा ठेवले. विकलेल्या जोडीतील डाव्या बैलाचे नाव तेच होते. वडिलांनी ते ऐकले, पण ते काही बोलले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी आपल्या बैलाची खांदेमळणी करतो. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून ते चोळतो व उद्या जेवायला ये म्हणून त्याला निमंत्रण देतो. त्या संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या वडिलांनी हातपाय धुतले, आईकडे वाटीत हळद-तूप मागितले आणि ओसरीवर बसून त्या लाकडी बैलाचे खांदे मळले. कोळशाची काजळी नखांत रुतलेले ते हात इतके सावकाश फिरत होते की आम्हांला हसू आले नाही. खेळणे आमचे होते. बैल मात्र त्यांचा होता. हे आम्हांला त्या दिवशी अर्धेमुर्धे कळले. पुरते कळायला आम्हांस आईबाप व्हावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले गेले आणि आमचा हिरा इतर नंदींच्या रांगेत उभा राहिला. कोणाचा नंदी गुडघ्याएवढा, कोणाचा मुठीत मावेल एवढा. एकाने तर विटेला दोरी बांधून आणली होती आणि तिलाही कोणी रांगेबाहेर काढले नाही. तोरण सुटल्यावर दारोदार जाण्याची गंमत होती. प्रत्येक घरी नंदीचे स्वागत होई आणि मुलांच्या हाती पाच-दहा पैसे, बत्तासे किंवा फुटाणे पडत. याला बोजारा म्हणतात. कानडी-तेलुगू बोलणाऱ्या घरांतूनही आम्हांला बोजारा मिळाला. ज्या दारांवरून आम्ही वर्षभर परके म्हणून जात होतो, त्या दारांत त्या दिवशी कोणी तरी आमची वाट पाहत होते.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका परिचितांनी वडिलांना विचारले, “ख्रिस्ती घरात नंदी कशाला?” प्रश्न खोचक नव्हता, त्यात काळजी होती. वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, “तो देव नव्हे. तो आमचा बैल आहे.” या उत्तरावर आईने नाताळात आपल्या परीने कळस चढवला. गव्हाण मांडताना मेंढपाळ होते, मेंढ्या होत्या, बैल मात्र नव्हता. तिने माळ्यावरून हिरा काढला आणि बाळ येशूच्या पाठीशी उभा केला. तो इतरांच्या मानाने फारच मोठा होता, त्यामुळे गोठ्याचे छप्पर उचलून बांधावे लागले. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळचा देखावा उभा केला, हे आम्ही पुढे वाचले. आईला ती कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गोठा म्हटला की बैल हवा, एवढे शेतकऱ्याच्या लेकीला ठाऊक होते.

आमच्यापैकी थोरली लग्न होऊन आरमोरीकडे गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि तिचे सासर नव्या जिल्ह्यात गेले. तो धानाचा मुलूख. तेथे पोळ्याचे मर्म आम्हांला अधिक उमगले. आषाढ-श्रावणात बांध्यांत चिखल करताना बैलांचा जीव मेटाकुटीला येतो. रोवणी संपते तेव्हा कोठे जू उतरते, आणि नेमका तेव्हा पोळा येतो. थकलेल्या जनावराला आधी विसावा, मग मान, असा हा क्रम आहे.

आता तेथेही बांध्यांत ट्रॅक्टर फिरतो. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख जनावरे होती; २०१९च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या विरळ होत आहेत आणि तान्ह्या पोळ्यात नंदी मात्र आकाराने वाढत आहेत. काही नंदी इतके मोठे असतात की त्यांना मुलांऐवजी बापच ओढतात. त्यांच्या सजावटीला आणि मुलांच्या वेशभूषेला बक्षिसे असतात. याबद्दल तक्रार करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्यांच्या घरी कधीच बैल नव्हता त्यांचीही हौस त्यात आहे. फक्त एवढेच वाटते की त्या रांगेत विटेला दोरी बांधून आणणाऱ्या मुलालाही जागा राहावी. मोठ्या पोळ्याला बैल लागतो, बैलाला शेत लागते. तान्ह्या पोळ्याला एक लाकूड आणि एक दोरी पुरते. ज्यांचे शेत गेले, बैल गेले, गाव सुटले, त्यांनाही तोरणाखाली उभे करणारा हा सण आहे, आणि आमच्या दृष्टीने त्याची थोरवी यातच आहे.

वडील २००९ मध्ये देवाघरी गेले, आई त्यानंतर तीन वर्षांनी. घरातील भांडीकुंडी, कपाट, शिलाई मशीन यांची वाटणी अर्ध्या तासात झाली. हिऱ्याजवळ येऊन मात्र आम्ही चौघेही थांबलो. अखेर असे ठरले की तो कोणा एकाचा नसावा. दरवर्षी तो एका घरी राहतो. ज्याची पाळी असेल त्याने पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे मळायचे, नातवंडांपैकी वा शेजाऱ्यांपैकी एखाद्या मुलाच्या हाती दोरी द्यायची, नाताळात त्याला गव्हाणीत उभा करायचा आणि नव्या वर्षी पुढच्या घरी पोचवायचा. त्याचे एक शिंग दोनदा बदलले, चाके तिसरी आहेत. खांद्यावरचा भाग मात्र हळद-तुपाने गडद झाला आहे, आणि हात फिरवला तर तेथे लाकूड इतर अंगापेक्षा गुळगुळीत लागते.