पाळकसाहेबांविरुद्धचा अर्ज

पाळक म्हणजे मंडळीचा पगारी माणूस, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी. एवढ्याचा त्याला पगार. ‘पाळकांना मान द्या’ असं कुणी म्हटलं की मला ती हांजी हांजी वाटायची. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाच्या बाराव्या-तेराव्या ओव्या पाळकांनी स्वतःच्या सोयीसाठी पाठ केल्यात, असं मी चारचौघांत बोलायचो.

आमच्या मंडळीत दोन गट होते. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगायचो. उपासना सुटल्यावर मात्र एका गटाची माणसं दुसऱ्याला सलामसुद्धा करत नव्हती.

कमिटीच्या बैठकीत मी पाळकसाहेबांना सगळ्यांदेखत विचारलं, “रोज संध्याकाळी कुठे असता? घरभेटींची यादी द्या.” ते म्हणाले, “यादी देता येणार नाही.” तेवढंच. मी त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं बिशपांकडे करायच्या अर्जात घातलं आणि बदलीची मागणी केली.

सह्या घेत आमच्याच गटातल्या एका मावशींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून अर्ज अक्षर-अक्षर वाचला. ‘घरभेटी देत नाहीत’ या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “आमच्याकडे असतात रे ते संध्याकाळी. कुणाला सांगू नका म्हणून मीच शपथ घातलीय. तुझ्या यादीत आमचं नाव आलं असतं, बाबा.”

त्या घरात काय चाललं होतं, ते मी इथेही लिहिणार नाही.

अर्जाची घडी करून खिशात घातली. घरी येईपर्यंत एकच गोष्ट टोचत राहिली. स्वतःचा बचाव करायचा तर त्यांना कुणाचं तरी घर उघड्यावर आणावं लागलं असतं. ते त्यांनी केलं नाही, माझे शब्द ऐकून घेतले, आणि मी त्या गप्प राहण्याला कामचुकारपणा म्हटलं. पाळकाच्या रविवारच्या कामातल्या चुका अख्ख्या मंडळीला दिसतात. उरलेलं काम तो जितकं नीट करेल, तितकं ते कुणाला कळत नाही. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण मला ती जाणून घ्यायचीच नव्हती. मला आमचा गट जिंकायला हवा होता.

मग ते पत्र पुन्हा वाचलं. दंगलीमुळे थेस्सलनीका घाईने सोडावी लागलेल्या पौलाने इसवी सन 50 च्या सुमारास, नुकत्याच उभ्या राहिलेल्या मंडळीला ते लिहिलं. पुढाऱ्यांना मान द्या तो त्यांच्या कामासाठी, असं तो सांगतो आणि लगेच आपसात शांतीने राहायला सांगतो. दुबळ्यांना आधार देणं, सगळ्यांशी सहनशीलतेने वागणं, हे तर तो सगळ्याच मंडळीवर सोपवतो. त्यातलं मी काय केलं होतं? त्याच अध्यायात सगळं पारखून घ्या असंही आहे, म्हणून मंडळीचा हिशेब मी आजही मागतो.

अर्ज बिशपांकडे गेला नाही. पाळकसाहेबांना भेटून मी माफी मागितली. गट अजून पूर्ण मिटलेले नाहीत. तुमच्या मंडळीत असा कागद फिरत असेल, तर सही करण्याआधी एकदा पाळकांच्या घरी जाऊन बसा.