राधिकाला सल्ला

राधिका सुभेदारला सल्ला दिला नाही अशी बाई 2017 साली महाराष्ट्रात शोधूनही सापडली नसती. पोळ्या लाटताना दिला, मेथी निवडताना दिला, सकाळच्या लोकलमध्ये एका हातानं वरची कडी धरून दिला. ‘अगं, त्याचा फोन बघ.’ ‘ती तुझ्या घरी जेवून जाते, आणि तुला अजून कळेना?’ ‘डबे कसले भरतेस त्याचे!’ सल्ला ऐकायला राधिका तिथं नव्हती, याची अडचण कुणालाच वाटत नव्हती.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर 22 ऑगस्ट 2016 ला सुरू झाली आणि 7 मार्च 2021 ला संपली. गोष्ट दोन ओळींची. नागपूरची राधिका, तिचा मुंबईकडे नोकरीला असलेला नवरा गुरुनाथ आणि त्याची ऑफिसातली मैत्रीण शनाया. भूमिकांत अनुक्रमे अनिता दाते, अभिजीत खांडकेकर, रसिका सुनील. एवढ्या भांडवलावर साडेचार वर्षं काढायची म्हणजे पाण्यातून लोणी काढण्यासारखंच. पण निघालं खरं, आणि बराच काळ त्या लोण्यावर अख्ख्या वाहिनीची चूल पेटत होती.

राधिकाची पहिली ओळख तिच्या बोलण्यानं झाली. मराठी मालिकांतली घरं तोवर बहुतेक पुण्या-मुंबईचंच बोलत. वऱ्हाडी वळणाची बोली यायची ती हशा पिकवण्यापुरती, दारात येऊन दोन वाक्यं टाकून जाणाऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडी. इथं ती नायिकेच्या तोंडी आली. ‘काय करून राहिले’ असं विचारणारी बाई रोज रात्री आठ वाजता घराघरात दिसू लागली, आणि शनाया तिला हसायची ते आधी या बोलण्यालाच. नवऱ्याला दुसरी आवडते हे दुःख तर होतंच, पण ज्या शहरात आपण संसार मांडला तिथं आपलं बोलणंच गावंढळ ठरतं, हे त्याच्या खालचं, जास्त मुरलेलं दुःख होतं. नाशिकच्या अनिता दातेंनी ते बोलण्याच्या हेलातून पोचवलं. लिहिणाऱ्यांनी ते तितकंसं ओळखलं होतं की नाही, मला शंका आहे.

डोंबिवलीची माझी मावशी या मालिकेची निष्ठावंत. तिला खरं-खोटं कळत नव्हतं असं कुणी समजू नये. ती बँकेत कॅशियर होती, खोटी नोट बोटाला लागली की ओळखायची. मालिका चालू असताना ती राधिकावर डाफरायची, आणि जाहिराती लागल्या की त्याच दमात अनिता दातेंच्या कामाबद्दल बोलायची. ‘हिचं रडताना आधी नाक लाल होतं बघ, मग डोळे भरतात. बाकीच्यांचे डोळेच फक्त गळतात.’ जाहिराती संपल्या की पुन्हा, ‘मूर्ख आहे मूर्ख! उघड ना ते कपाट!’ तिच्या डोक्यात समीक्षक आणि शेजारीण अशा दोन बायका एकाच सोफ्यावर बसलेल्या होत्या, आणि दोघींचं छान जमत होतं.

बाहेरच्या समीक्षकांनी मात्र राधिकाच्या वाटेला जायचं टाळलं. नाटकाला परीक्षण मिळतं, सिनेमाला शुक्रवारी तारे मिळतात. मालिकेबद्दल छापून येतं ते ‘पुढे काय होणार’ एवढंच, नाहीतर वर्षातून एखादा चिडलेला लेख, की या मालिका समाजाला कुठं नेणार आहेत. राधिकाच्या वाट्याला असे लेख आले. विवाहबाह्य संबंध चवीचवीनं दाखवता, बाईचं सगळं आयुष्य एका नालायक नवऱ्याभोवती फिरवता, हे आक्षेप खोटे नव्हते. दुसरा तर मला आजही रास्त वाटतो. पण त्यात एक गोष्ट सुटायची: मालिका पाहणाऱ्या बायका हाच आक्षेप रोज, भाग संपायच्या आत, अधिक कडक शब्दांत घेत होत्या. फक्त त्यांचं कुणी छापत नव्हतं. त्यांचं ऐकलं जायचं ते दर गुरुवारी, बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे आले की. तिथं भाषा नसते, नुसता चढ-उतार असतो. रागानं पाहिलेला भाग आणि प्रेमानं पाहिलेला भाग तिथं सारखाच मोजला जातो. म्हणून तर गुरुनाथ सुधरत नाही, आणि पकडला गेला तरी पुढच्या सोमवारी सुटतो.

हे आपल्याकडच्या भाबड्या बायकांचंच वेड, असं नाक मुरडणाऱ्यांसाठी विलायतेचा एक दाखला देतो. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही तिकडची 1960 पासून चालू असलेली मालिका. तिच्यातली डिअर्ड्री रशिद 1998 साली एका भामट्या प्रियकरापायी विनाकारण तुरुंगात गेली. तिला सोडा म्हणून वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली, आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तिच्या बाजूनं गमतीत दोन शब्द टाकले. पंतप्रधानांना ती खोटी आहे हे माहीत होतंच. माझ्या मावशीलाही होतं.

शनायाचा प्रवास उलटा. तिला शिव्या द्यायच्या अशी सगळ्यांची तयारी होती, आणि झालं भलतंच. गुरुनाथला ‘गॅरी’ म्हणून लाडिक हाक मारणारी, कामाच्या नावानं शून्य, खरेदीत तरबेज अशी ही मुलगी लोकांना आवडायला लागली. कॉलेजातल्या मुली तिची नक्कल करायच्या. राधिकाचं दुःख पाहून थकलेलं घर शनायाच्या आळसावर हसून ताजंतवानं व्हायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! 2018 साली रसिका सुनील शिकायला परदेशी गेल्या आणि त्यांच्या जागी ईशा केसकर आल्या, तेव्हा प्रेक्षकांनी ‘ही ती नव्हे’ म्हणून केवढा गहजब केला. जिनं घर मोडलं ती अस्सलच हवी, बदली चालणार नाही! 2020 मध्ये रसिका परतल्या तेव्हा घरची मुलगी परदेशातून आल्यासारखं स्वागत झालं. मावशीचं यावर मत विचारलं तर ती म्हणाली, ‘शनाया वाईट आहे, पण ती खोटं वागत नाही. खोटा तो.’ सबंध मालिकेवर याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

मग राधिकानं सल्ला ऐकला.

तिनं नवऱ्यासमोर रडणं सोडलं, कंबर कसली, मसाल्यांचा धंदा काढला. सासू-सासरे तिच्या बाजूला, सोसायटीतल्या बायका मदतीला. हेच तर सगळ्याजणी सांगत होत्या. आणि बघता बघता राधिका तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. त्याबरोबर महाराष्ट्र जो हसत सुटला, तो आजतागायत थांबलेला नाही. अंबानींनी राधिकाकडून शिकावं, इथपासून विनोद सुरू झाले. जिच्यासाठी डोळे पुसले तिच्याच नावानं फोनाफोनी करून लोक खिदळत होते.

मला तेव्हा वाटायचं, लोक हसतात ते बाईच्या यशाला. थोडंफार तसं असेलही; पुरुषांच्या हसण्यात ते नक्की होतं. पण बायका हसत होत्या त्या वेगळ्याच गोष्टीला. मसाला-पापडातून कोटी होतात हे त्यांना कुणी शिकवायला नको. 1959 च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, हाताशी उसने आणलेले 80 रुपये. त्या लिज्जतची उलाढाल आज हजार कोटींच्या पुढं आहे. तेव्हा तीनशे कोटी अशक्य नव्हेत. अशक्य होतं ते मधलं सगळं गाळणं. मिरच्या कुठून आणल्या, देठं कुणी खुडली, डंकावर किती घातलं आणि घरी येताना किती भरलं, उधारी किती बुडाली, पावसाळ्यात धणे कुठं वाळवले? गुरुनाथचं एक खोटं उघडं पडायला महिने लागायचे. तो दार उघडतो, राधिका बघते, शनाया बघते, सासू बघते, पुन्हा राधिका बघते, आणि भाग संपतो. तेवढ्या सढळ हातानं वेळ उधळणाऱ्या मालिकेला मिरची कुटायला मात्र सवड मिळाली नाही. ज्यांचा जन्म कांडपात गेला त्या ते कसं खपवून घेतील?

आणखीही एक असावं. मूर्ख राधिका मावशीच्या सोफ्याशेजारी बसत होती. तिला शिकवता येत होतं. मालकीण झालेल्या राधिकाला काय सांगणार? पुढं तिनं सौमित्रशी लग्न केलं, तेही बहुतेकांना मनापासून पटलं. घटस्फोटित आईनं, मुलाच्या डोळ्यांदेखत, मानानं दुसरं लग्न करावं हे सात-आठ वर्षांच्या नातवंडांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण त्यावर चर्चा रंगली नाही. चुकत नसलेल्या माणसाशी आपण फार बोलत नाही.

मालिका संपली. 2023 साली परेश मोकाशींचा ‘वाळवी’ आला. त्यात अनिता दाते स्वप्नील जोशीची बायको झाल्या आहेत, आणि तो नवरा तिचा काटा काढायच्या बेतात आहे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या कामाचं कौतुक केलं, सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मावशीला घेऊन गेलो होतो. नवऱ्याचा बेत पडद्यावर उलगडू लागला तशी ती खुर्चीत पुढं सरकली आणि आजूबाजूच्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, ‘या बाईला एकदा तरी धड नवरा द्या रे!’

पुढच्या रांगेतल्या एक काकू वळून म्हणाल्या, ‘सौमित्र होता की.’ आणि मग दोघींनी मध्यंतरापर्यंत सिनेमा जेमतेमच पाहिला.