वाईचा वाडा आणि मागची भिंत

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकी घाट ओलांडून सुरूरपाशीं उजवीकडे वळलें, म्हणजे थोड्याच वेळांत कृष्णाकांठचें वाई गांव लागतें. एरवीं आम्ही तेथें जात असूं तें ढोल्या गणपतीच्या दर्शनास. परंतु तीनचार वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां गेलों, तें निराळ्याच हेतूनें. जुनें घर घ्यावें, दुरुस्त करावें आणि नफ्यानें विकावें, हा उद्योग आम्हीं प्रथमच आरंभिला होता व निवृत्तीची बहुतेक पुंजी त्यांत घातली होती. नवशिक्यांचा हा अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

वाडा एकचौकी, ओटी, माजघर, देवघर आणि परसांत विहीर. किंमत ठरली ४० लक्ष रुपये. मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून आणखी २ लक्ष ७० हजार. वकिलांनीं तीस वर्षांचें दप्तर तपासलें, तेव्हां आढळलें कीं, सासरीं गेलेल्या एका बहिणीची संमति कोणी घेतलीच नव्हती. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिची सही होईतों आम्हीं इसार दिला नाहीं.

येथवर सावध राहिलों. पुढें मात्र चुकलों. मागची भिंत ओल धरीत होती. तिच्यावर आम्हीं सिमेंटचा गिलावा करून वर रंग दिला. भिंत आरशासारखी दिसूं लागली! पहिल्याच पावसाळ्यांत तिचे पोपडे पडले आणि तळाशीं मिठासारखा पांढरा लोणा फुटला. गांवांतील एक वृद्ध गवंडी म्हणाले, “माती-चुन्याची भिंत श्वास घेते, साहेब. सिमेंटनें तुम्ही तिचें तोंड दाबलेंत. ओल जाणार कोठून?” सारा गिलावा खरवडला, परसांतील पाण्यास उतार देऊन गटार बांधलें आणि चुन्याचा गिलावा केला. ८ लक्षांचा अंदाज १३ लक्षांवर गेला.

दलालांचा सल्ला पडला, “पाडव्याला विकून मोकळे व्हा. मागची भिंत कोण पाहतो?” पैसा अडकलेला, मन साशंक. त्या सायंकाळीं आम्ही गणपति घाटावर बसलों होतों. १७६२ सालीं गणपतराव रास्ते यांनीं बांधविलेल्या त्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. दर्शनास येणाऱ्यांचें तिच्याकडे क्वचितच लक्ष जातें. पण कृष्णेचा पूर दुभंगून देऊळ राखते ती तीच. आणखी एक पावसाळा थांबण्याचें आम्हीं ठरविलें.

भिंत कोरडी राहिली. पुढील चैत्रांत एक निवृत्त शिक्षक दांपत्य घर पाहावयास आलें. त्यांना आम्हीं प्रथम परसांत नेलें, घडलेलें सर्व सांगितलें आणि खर्चाच्या पावत्या पुढें ठेवल्या. ६३ लक्षांस सौदा झाला. खर्च वजा जातां ७ लक्ष ३० हजार उरले. चोवीस महिने उलटल्यामुळें नफ्यावर साडेबारा टक्के कर पडला. लवकर विकतों, तर तो आमच्या उत्पन्नाच्या दरानें भरावा लागता.

परवां वाईस गेलों असतां त्या बाईंनीं हांक मारून आंत बोलाविलें. चहा ठेवण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस मागची भिंत दाखविली!