वंशावळीतील रिकामी जागा

विल्यम फॉकनरची 'ॲब्सलम, ॲब्सलम!' ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा 'न्यूयॉर्कर'मध्ये क्लिफ्टन फॅडिमन यांनी तिची मनसोक्त खिल्ली उडवली होती. पानपानभर लांबणारी वाक्ये, एकाच घटनेची अनेक निवेदने आणि वाचकापासून जणू हेतुपूर्वक दूर ठेवलेले कथानक यांनी ते त्रासून गेले होते. २००९ साली 'ऑक्सफर्ड अमेरिकन' या नियतकालिकाने लेखक-अभ्यासकांचा कौल घेतला, त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतील सर्वश्रेष्ठ कादंबरी म्हणून हिचीच निवड झाली. या दोन टोकांमधील प्रतिक्रियांचा इतिहास ग्रंथालयांत सहज मिळतो. भिलाईच्या पावर हाउस भागात एका पावसाळ्यात सात-आठ मराठी वाचकांनी या कादंबरीला जो प्रतिसाद दिला, तो मात्र कोणत्याही सूचीत सापडणार नाही.

पावर हाउस हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे स्थानक आणि त्याला लागून वाढलेली गजबजलेली वस्ती. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-भंडाऱ्याकडून इथे आलेल्या मराठी माणसाला हा परमुलूख वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. तरीही गाव सुटले ते सुटलेच. ट्रंकेत मावले तेवढे बरोबर आले, आणि घराण्याच्या गोष्टींपैकी सांगण्याजोग्या तेवढ्याच मुलांच्या कानी पडल्या.

वाचकमंडळींपैकी निम्म्यांना फॉकनरचे इंग्रजी पेलणारे नव्हते. म्हणून इंग्रजीच्या एक निवृत्त प्राध्यापिका दर बैठकीत एकेक प्रकरण मराठीत सांगत. ही तडजोड कादंबरीच्या प्रकृतीला विलक्षण मानवली, असेच म्हणावे लागेल. कारण ही कादंबरी मुळात ऐकण्याचीच कादंबरी आहे. १९०९ च्या सप्टेंबरात वृद्ध रोझा कोल्डफिल्ड तरुण क्वेंटिनला बोलावून घेते आणि थॉमस सटपेनच्या घराण्याची कहाणी ऐकवते. पुढे १९१० च्या जानेवारीत, हार्वर्डच्या गोठलेल्या खोलीत, क्वेंटिन आणि त्याचा कॅनडातला सोबती श्रीव्ह त्या कहाणीतील गाळलेल्या जागा तर्काने भरत बसतात. दुसरा कालपट त्याआधीचा आहे. १८३३ मध्ये जेफर्सन गावात उपरा म्हणून आलेला सटपेन, त्याने उभारलेला वाडा, आणि १८६५ मध्ये त्या वाड्याच्या फाटकापाशी त्याचा मुलगा हेन्री याने बहिणीच्या नियोजित वराला, चार्ल्स बॉनला, घातलेली गोळी. जिवलग मित्राला त्याने का मारले, हे रहस्य. बॉन हा सटपेनच्याच टाकून दिलेल्या पहिल्या बायकोचा मुलगा होता आणि त्या बायकोच्या रक्तात काळ्या वंशाचा अंश होता, हे उत्तर. पण ते उत्तर अखेरपर्यंत कोणाच्या तरी तोंडचेच राहते.

एकाच घटनेच्या चार हकिकती कशा असू शकतात, हे पावर हाउसच्या रहिवाशांना समजावून द्यावे लागले नाही. १ जुलै १९९२ रोजी याच स्थानकात रुळांवर बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. त्या दिवसाची हकिकत कोणाच्या घरी ऐकावी यावर ती बदलते, असे मंडळातील एकजण म्हणाला आणि विषय तिथेच थांबला.

खरा वाद पेटला तो तिसऱ्या बैठकीत. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने आधीच पुस्तकाचे शेवटचे पान उलटले होते. फॉकनरने कादंबरीला कालानुक्रम, वंशावळ आणि नकाशा जोडला आहे. त्या वंशावळीत चार्ल्स बॉनच्या नावापुढे तो थॉमस सटपेनचा मुलगा असल्याचे सरळ छापले आहे. नऊ प्रकरणे ज्याच्याभोवती तर्क करीत फिरतात, ते परिशिष्ट एका ओळीत सांगून टाकते. प्राध्यापिकाबाई नाराज झाल्या. या परिशिष्टातले काही तपशील मूळ कादंबरीशी जुळत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नये, असे त्यांनी बजावले.

त्या वेळी एक निवृत्त फोरमन, मंडळात सर्वांत वडीलधारे, म्हणाले, "बाई, इथं उलटंच आहे की. यांच्यात बोलताना सगळे अडखळतात आणि कागदावर मात्र नाव आहे. आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं, कागदावर तेवढं नसतं."

फॉकनरवरील विपुल समीक्षेत हे निरीक्षण याच शब्दांत क्वचितच आढळेल. परिशिष्टाकडे अभ्यासक बहुधा वाचकाची सोय म्हणून पाहतात, किंवा त्यातील विसंगतींचा शोध घेतात. वंशावळीत नाव येणे हाच एक न्याय आहे, आणि बापाने जन्मभर नाकारलेला तो न्याय लेखकाने शेवटच्या पानावर गुपचूप देऊन टाकला आहे, हे पाहायला तशाच घरात वाढलेला वाचक लागतो. एका गृहिणीने लगेच त्याची दुसरी बाजू दाखवली. बॉनच्या मुलाच्या बायकोला त्या वंशावळीतही नाव नाही. "आमच्या वंशावळीत तर बायकांना गोलसुद्धा नसतो," त्या म्हणाल्या. हा आक्षेप वाटतो तितका साधा नाही, पण त्या संध्याकाळी त्यावर फारसे कोणी बोलले नाही.

सातव्या प्रकरणात सटपेनचे बालपण येते. डोंगराळ भागातल्या दरिद्री गोऱ्या कुटुंबातला हा पोरगा निरोप घेऊन एका बड्या घरी जातो. दारातला काळा नोकर त्याला निरोप सांगूही न देता मागच्या दाराने यायला फर्मावतो. त्या अपमानातून सटपेनची सारी महत्त्वाकांक्षा जन्मते, आणि पुढे तोच सटपेन स्वतःच्या मुलाला ओळख देत नाही. सर्वांची सहानुभूती साहजिकच बाहेर उभ्या असलेल्या पोराकडे गेली. फोरमनकाका मात्र आत उभा असलेला कोण, हेच विचारत राहिले. त्याला तसे सांगायला कोणी लावले, त्याचे वय काय, पुढे त्याचे काय झाले. कादंबरीत यातल्या बहुतेकांची उत्तरे नाहीत.

पुढच्या बैठकीला काका आले नाहीत. नवव्या प्रकरणाला आले ते फुलस्केपचा एक कागद घेऊन. त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढून आणली होती. आजोबांच्या नावाखाली तीन मुलगे होते. दोघांची नावे लिहिलेली, तिसऱ्या जागी नुसता गोल. वडिलांच्या या थोरल्या भावाने जातीबाहेर लग्न केले आणि घराने त्याचे नाव टाकले. तो एकदाच दारी आला होता. घरात सगळे असताना 'घरी कोणी नाही' असे सांगायला नऊ-दहा वर्षांच्या पुतण्याला पाठवले गेले. पुतण्याने तसे सांगितले. हे काकांनी स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितले नव्हते.

बैठक बराच वेळ निःशब्द होती. मग त्या विद्यार्थ्याने अदबीने विचारले, "काका, नाव काय होतं त्यांचं?" त्याचा प्रश्न श्रीव्हच्या जातीचा होता. ज्याने गाव पाहिले नाही त्यालाच गावाची सर्वाधिक ओढ असते, आणि त्याच्या ओढीत थोडी क्रूरताही असते. प्राध्यापिकाबाईंचे मत पडले की नाव लिहावे, लिहिल्यावाचून त्या गोलाला अर्थ नाही. गृहिणीचे म्हणणे वेगळे होते. सांगणाऱ्याला जेवढे झेपले तेवढे त्याने सांगितले, उरलेले ओढून काढण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. कादंबरीच्या अखेरीस श्रीव्ह क्वेंटिनला विचारतो, तुला दक्षिणेचा एवढा द्वेष का? क्वेंटिन पुन्हा पुन्हा तो नाकारतो आणि प्रत्येक नकाराबरोबर अधिकच उघडा पडतो. ते पान त्या दिवशी वाचायचे राहूनच गेले.

काकांनी त्या कागदाच्या चार झेरॉक्स काढल्या, एकेक मुलासाठी आणि एक नातवासाठी. देताना त्यांनी दारातली गोष्टही सांगितली. नाव त्यांनी चारांपैकी एकाच प्रतीवर लिहिले, ते नातवाच्या.