पंगत मोडू नका

बेळगाव, मार्गशीर्ष

प्रिय भाचीस,


उचगाव, बेकिनकेरे, देवरवाडी या वाटेनं सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या महिपाळगडावर तुमच्या मंडळानं पायी जाताना गावकऱ्यांबरोबर दुपारची पंगत ठेवावी, की तोही वेळ गडाच्या साफसफाईला द्यावा, असं तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे. वेळ कमी पडला तर झाडलोट आटोपती घ्या, पण पंगत मोडू नका. महिपाळगड ओसाड नाही, गडावरच गाव नांदतं. एका दिवसात तुम्ही उपटलेली झुडपं पुढच्या पावसात पुन्हा माजतील. तटबंदीवर बारा महिने लक्ष राहील ते तिथल्या माणसांचं. त्यांची-तुमची ओळखच झाली नाही, तर तुमची सेवा त्या दिवसापुरती उरेल. आणि ओळख व्हायची तर मांडीला मांडी लावून जेवायला निवांत बसावं लागतं.

ही रीत आपल्या मुलखाला नवी नाही. मार्गशीर्ष अमावस्येला बेळगाव, विजयपूर, बीदरकडचे शेतकरी एळ्ळ अमावस्या करतात, आणि लातूर-धाराशिवचे मराठी शेतकरी त्याच दिवशी वेळ अमावस्या. दोन्हीकडं नैवेद्य शेतात नेतात, त्यातला थोडा उभ्या पिकात शिंपडतात आणि आल्यागेल्याला बरोबर घेऊन जेवतात. यामागं शेतीचं गणित आहे. खरीप घरात आलेला असतो, रब्बी रानात डोलत असते, त्यामुळं शेतकऱ्याला चार घटका सवड मिळते. तुमच्या वाटेवरही या दिवसांत भात निघून मसूर, वाटाणा, जोंधळा उभा असतो. बेळगाव शहराचं तर या रानाशी पाण्याचंही नातं आहे. बेळगावची तहान भागवणारं राकसकोप धरण मार्कंडेय नदीवर, चंदगडच्या हद्दीलगत आहे. हिडकल धरणात येणारी घटप्रभा चंदगड तालुक्यातून वाहत येते. ज्यांच्या शिवारातून आपलं पाणी येतं, त्यांच्याकडून यंदा पाऊस कसा झाला, गव्यांनी किती पीक खाल्लं, हे ऐकणं हीसुद्धा सेवाच.

तुझ्या मंडळातले काही जण म्हणतील, ही सहलच झाली. गावाला गृहीत धरलं तर नक्कीच होईल. गावातल्या बायांनी पहाटे उठून शंभर भाकऱ्या थापायच्या आणि आपण आयतं जेवून निघायचं, हा पाहुणचार नव्हे, भार आहे. म्हणून बचत गटाला आधी सांगून रास्त दाम द्या, ताट-वाटी घरून न्या, वाढायला आणि खरकटं काढायला स्वतः उभे राहा, बांध सोडून पिकात पाऊल टाकू नका. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न अजून भिजत पडला असताना पंगतीनं काय साधणार? महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल भाकरीवर लागणार नाही आणि पंगतीला बसल्यानं कुणाचा हक्कही सुटत नाही. पण निकाल काहीही लागो, मराठी आणि कन्नड शेतकऱ्याचा बांध एकच राहणार आहे. तेव्हा वाटेवरच्या कन्नड बोलणाऱ्या घरांनाही आग्रहाचं आमंत्रण द्या, आणि दुपारचे दोन तास पंगतीसाठी आधीच राखून ठेवा.

तुझा,
मामा