मागे बस, बोलू नकोस!

सायकलवाल्यांच्या गप्पा कधी ऐकल्यात? रविवारी सकाळी हायवेवरच्या टपरीत चुकून त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलात, तर वाटेल ही मंडळी एक तर एअरफोर्समधली आहेत, नाही तर आत्ताच हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेऊन आलीत. कारण विषय दोनच. वारा आणि दुखणं! ‘कामशेतच्या पुढे काय वारा होता रे, नुसती भिंत!’ ‘तुझी कोपरं फार बाहेर असतात, आत घे.’ ‘गुडघा आतून दुखतोय की बाहेरून?’ ‘झोप किती झाली?’ हे सगळं पोह्यांची दुसरी प्लेट खाता खाता, टाइट लायक्रामध्ये, आजूबाजूची जनता टक लावून बघत असताना. लाजबीज काही नाही.

मीही त्यातलीच. वय २८, धंदा फ्रीलान्स पत्रकारितेचा, मास कॉमची डिग्री आईच्या कपाटात साड्यांखाली सुरक्षित. राहते चिंचवडला. रविवारी पहाटे साडेपाचला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात आमची टोळी जमते आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेनं लोणावळ्याच्या दिशेनं निघते. दोन आयटीवाले, एक सीए, एक फिजिओथेरपिस्ट, बँकेतून रिटायर झालेले काका आणि मी. कुणालाही कुठली रेस जिंकायची नाहीये. तरी बोलणं असं, की उद्या टूर द फ्रान्सची टीम निवडायचीय!

सुरुवातीला ही भाषा माझ्या जाम डोक्यात जायची. वॅट काय, झोन टू काय... आपण तर बाबा मोकळ्या हवेत फिरायला आलोय! पण नंतर कळलं, की मोकळी हवा हाच तर सगळा लोचा आहे.

फंडा सोपा आहे. सपाट रस्त्यावर ताशी पंचविसाच्या आसपास पोचलात की तुमची निम्म्याहून जास्त ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्याच्याशी भांडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. आता हिशोब करा. पंचवीसचा वेग तीसवर न्यायचा, म्हणजे फक्त २० टक्के वाढ. पण हवेसाठी लागणारी ताकद वाढते सुमारे ७३ टक्क्यांनी! आमचा आयटीवाला हे ऐकून म्हणाला, ‘अरे, हे तर माझं अप्रेझल आहे. काम पाऊणपट जास्त आणि हाईक वीस टक्के.’ दुसरा आयटीवाला म्हणाला, ‘तुला वीस दिली?’ त्या दिवशी पुढची वीस मिनिटं एअरोडायनॅमिक्स बाजूलाच राहिलं.

गंमत म्हणजे ही हवा सायकलला अडवत नाही, आपल्याला अडवते. एकूण विरोधातला जवळजवळ तीनचतुर्थांश वाटा स्वाराच्या अंगाचा असतो. खांदे, डोकं, छाती. सीएनं मागच्या वर्षी कार्बनची डीप-सेक्शन चाकं घेतली. किंमत सांगत नाही, त्याची बायको हे साप्ताहिक वाचते. आणि काका? स्टीलची जुनी सायकल, हॅण्डलला बांधलेला नॅपकिन. पण काका कोपरं वाकवून, पाठ आडवी करून, मान खाली घालून असे काही जातात की सीएची चाकं नुसती वाजत राहतात. ‘वाकायला पैसे लागत नाहीत,’ हे काकांचं म्हणणं. ‘पोट मात्र मधे येतं,’ हे सीएचं उत्तर.

सीएच्या आवडीचा किस्सा १९८९ च्या टूरचा. शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लेमाँड हा अमेरिकन ५० सेकंदांनी मागे. त्यानं सायकलला पुढे झुकून हात टेकवायचे एअरो बार लावले, लांबुडकं हेल्मेट घातलं. लोराँ फिन्यॉन हा फ्रेंच हिरो बिनहेल्मेटचा, मागे पोनीटेल फडफडतेय! लेमाँड सगळी टूर ८ सेकंदांनी जिंकला. तीन आठवडे चाललेली रेस आणि फरक आठ सेकंदांचा. सीए हा किस्सा असा सांगतो जणू तो स्टॉपवॉच घेऊन पॅरिसमध्येच उभा होता. १९८९ मध्ये तो बालवाडीत होता, एवढंच. आणि प्रत्येक वेळी किस्सा संपला की सगळे माझ्या वेणीकडे बघतात. ग्रुपमध्ये एकटी मुलगी असण्याचे हे असे फायदे. माझं सीट किती उंच असावं यावरही इथल्या प्रत्येकाचं एक स्वतंत्र मत आहे. विचारलंय कुणी?

पण खरी मजा एकट्याच्या एअरोडायनॅमिक्समध्ये नाही. ती रांगेत आहे. पावसाळ्यात निगडी सोडलं की लोणावळ्याकडून सरळ तोंडावर वारा येतो. तुम्ही वीसनं चाललात आणि समोरून पंधराचा वारा आला, तर अंगावर येणारी हवा पस्तिसाची. अशा वेळी शहाणी माणसं एकामागे एक लागतात. पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुमचं पुढचं चाक जेमतेम फूट-दोन फुटांवर. याला म्हणायचं ड्राफ्टिंग. पुढचा हवा फोडतो, मागच्याचे कष्ट पाव ते एकतृतीयांशानं कमी होतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या बर्ट ब्लॉकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटातल्या स्वारांना एकट्याच्या मानानं फक्त ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना दिसलं. आम्ही सहाच जण, त्यामुळे आमच्या नशिबी एवढी चैन नाही.

रांगेचे नियम लेखी नाहीत, पण मोडलेत तर पोहे घशाखाली उतरू देत नाहीत. पुढे आलात की जोर दाखवायचा नाही, वेग आहे तोच ठेवायचा. खड्डा दिसला की ओरडायचं, हात दाखवायचा, कारण मागच्याला तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं. अचानक ब्रेक मारायचा नाही. दोन-तीन मिनिटं झाली की बाजूला व्हायचं, हळू व्हायचं आणि शेपटाला जाऊन चिकटायचं. विचार करा, हायवेवर, ट्रकच्या गर्दीत, तुम्ही डोळ्यांपुढे फक्त एका माणसाची पाठ ठेवून चालला आहात. ऑफिसमध्ये किती जणांच्या मागे एवढ्या विश्वासानं चालाल?

आणि एखाद्याच्यात त्या दिवशी दम नसेल तर? त्यानं पुढे यायचंच नाही. कारण विचारत नाहीत. काका फक्त म्हणतात, ‘मागे बस, बोलू नकोस.’ बोलण्यातही दम जातो, असं त्यांचं शास्त्र.

दुसरा विषय रिकव्हरी. यातही प्रत्येकाचा एक आजीबाईचा बटवा असतो. कुणी चॉकलेट मिल्कवाला, कुणी दहीभातवाला, कुणी मसाज गन घेऊन फिरणारा. फिजिओ या सगळ्यांकडे केविलवाण्या नजरेनं बघते. हो, फिजिओ बाई आहे, पण ती एक रविवाराआड ड्यूटीवर असते, म्हणून मी स्वतःला एकटी म्हणाले. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय’ असं कुणी म्हटलं की ती भडकतेच. ते तासाभरात निघून जातं, ती सांगते. सोमवारी-मंगळवारी जिने उतरताना जे मांडीत बोंबलतं, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. आणि ती इजा भरून येतानाच स्नायू बळकट होतो. म्हणजे ताकद सायकलवर वाढत नाही, नंतर वाढते. खाल्ल्यावर, झोपल्यावर. गाढ झोपेत शरीर दुरुस्तीची कामं काढतं. ‘तुम्ही रविवारी शंभर किलोमीटर मारता आणि सोमवारी चार तास झोपता,’ ती म्हणते, ‘म्हणजे घर पाडलंत आणि गवंड्याला सुट्टी दिलीत.’

मला हे सगळ्यात नवीन होतं. कारण मी जिथे जिथे काम केलं तिथे कमी झोपणं ही फुशारकीची गोष्ट. ‘काल तीनला पान सोडलं’ हे सांगताना चेहऱ्यावर काय तेज येतं! आणि इथे हे लोक झोपेबद्दल असे बोलतात जसे आमच्याकडे लोक प्रमोशनबद्दल बोलतात. ‘साडेसात तास झाली!’ ‘वा!’ दुसरा आयटीवाला मनगटावरच्या घड्याळातले सकाळचे ठोके रोज नोंदवतो. मागच्या मार्चमध्ये त्याचं रिलीज होतं. नेहमी बावन्न-त्रेपन्न असणारे ठोके आठवडाभर बासष्टवर. त्यानं ते कौतुकानं दाखवले. फिजिओनं त्याला चौकातूनच घरी पाठवलं. सायकलवर बसूही दिलं नाही. सहा फुटी माणूस, हेल्मेट घालून, गपचूप यू-टर्न मारून गेला.

रेस अक्रॉस अमेरिका नावाचं एक प्रकरण आहे. एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर. घड्याळ थांबत नाही, तुम्ही झोपलात तरी. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ ती एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. ‘दोघंही डॉक्टर,’ काका बोट वर करून म्हणतात. अशा रेसमध्ये कधी झोपायचं, किती झोपायचं, हा डावपेचाचा भाग. मला त्यातलं अंतर कधीच झेपत नाही, पण झोपेचं वेळापत्रक आखायला माणसं लागतात, ही कल्पना फार आवडते.

आता फ्रीलान्सरची गोष्ट. आम्हाला रविवार नसतो, सिक लीव्ह नसते. काम केलं तर पैसे, आणि ते सुद्धा तीन महिन्यांनी, चार रिमाइंडर मेल्सनंतर. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याची मोठी साथ होती. जुलैच्या सुरुवातीला मला झाला. ताप चार दिवसांत उतरला. सांधे मात्र नाही. सकाळी ब्रशची टोपी उघडता येईना. बोटं, मनगटं, घोटे. टाइप करताना एकेक अक्षर जाणवायचं. या रोगावर थेट मारा करणारं औषध नाही. पेनकिलर आणि आराम, डॉक्टर म्हणाले. आराम! एका संपादकांना फोन करून कळवलं, तर म्हणाल्या, ‘काळजी घे गं. बरं, शुक्रवारपर्यंत देशील ना?’ वाईट नव्हत्या त्या. त्यांनाही शुक्रवारी पान द्यायचं होतं.

पडल्या पडल्या मी चिकुनगुन्याबद्दल वाचलं. पत्रकाराची खोड. १९५२ मध्ये टांझानियात तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि नाव आलंय तिथल्या माकोंडे भाषेतून. अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. सांधेदुखीनं माणूस वाकतो म्हणून. ग्रुपवर टाकलं. सीएचं उत्तर दोन मिनिटांत : ‘एअरो पोझिशन फुकटात! कुणी मला चावा रे!’

पण रोज रात्री कुणी ना कुणी विचारायचं, झोप किती झाली? ‘कशी आहेस’ नाही. ‘कशी आहेस’ला आपण ‘बरी आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. झोपेचं मात्र आकड्यात सांगावं लागतं. पाच तास म्हटलं की पुढचा प्रश्न, का? मग मनगटाचं, उशीचं, न आलेल्या पेमेंटचं सगळंच बाहेर यायचं. काकांनी एकदा एका शब्दात लिहिलं : ‘आकडा?’

आठ आठवड्यांनी, गणपतीच्या आदल्या रविवारी, मी पुन्हा चौकात उभी राहिले. फिजिओनं आधीच फर्मान काढलेलं. सोमाटणे फाट्यापर्यंतच, वेग अठराच्या वर नाही, मी पुढे यायचं नाही. लोणावळ्याचे बेत रद्द. पाच धडधाकट माणसं माझ्यासाठी अठरानं चालवणार होती, आणि सीएची चाकं अठराला अजिबात वाजत नाहीत. मी म्हटलं, ‘अरे, तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू.’ काकांनी मागे न बघता त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं.

मी शेपटाला. समोर वारा जोरात, पण माझ्यापर्यंत पोचता पोचता त्याचं निम्मं अवसान गळालेलं. पुढची माणसं पाळी बदलत होती. एक बाजूला होऊन मागे यायचा, आणि शेवटी न जाता माझ्या पुढे घुसायचा. म्हणजे मी कायम सहावी. हॅण्डल धरलं की मनगट कुरकुरत होतं, पण पाय चालत होते.

देहूरोड मागे पडलं तेव्हा लक्षात आलं, मी सहावी आहे पण शेवटची नाही. मागून चेनचा करकर आवाज येत होता. मान वळवून बघितलं. काळी दांड्याची सायकल, कॅरिअरला बांधलेला डबा, चाळिशीचा माणूस, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. मान खाली, कोपरं आत, माझ्या मागच्या चाकापासून बरोबर हातभर अंतर. त्याला ड्राफ्टिंग कुणी शिकवलं नसणार. त्याला आठवड्यातून सहा दिवस याच रस्त्यानं याच वाऱ्यातून जायचं होतं, आणि आज रविवारीही. रिकव्हरी, आकडा, यांचा तिथे काय हिशोब असेल, मी विचार करत राहिले.

पुढे खड्डा आला. सीए ओरडला, पुढच्यानं हात केला, त्याच्या मागच्यानं केला, माझ्यापर्यंत आला. मी दुखऱ्या मनगटानं हात खाली करून बोट दाखवलं. मागची करकर अलगद डावीकडे सरकली आणि पुन्हा जागेवर आली.

सोमाटणे फाट्याच्या थोडं आधी त्यानं घंटी वाजवली. ‘ताई, चाललो. शिफ्ट हाय. लई वारा होता आज, तुमच्यामागं बरं पडलं.’

आणि तो वळला. पोह्यांच्या टेबलावर मी हे सांगितलं, तर सीए पहिल्यांदा काय म्हणाला असेल? ‘त्याची कोपरं आत होती?’